खेळ संपवण्याचा अधिकार : रणजी करंडकाचा १९४८-४९ चा हंगाम

भारतीय क्रिकेटच्या विक्रमांच्या नोंदीत १९४८-४९ च्या हंगामाला जे स्थान आहे, ते प्रामुख्याने दोन आकड्यांमुळे आहे. पहिला आकडा ४४३ हा असून तो भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध केलेल्या नाबाद धावांचा आहे. दुसरा आकडा २,३७६ हा असून मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील उपांत्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून केलेल्या धावांची ती बेरीज आहे. दोन्ही सामने पुण्यात झाले, दोन्हींत महाराष्ट्राचा संघ होता आणि दोन्ही आकडे आजवर मागे पडलेले नाहीत. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही भारतीय फलंदाजाने एका डावात ४४३ हून अधिक धावा केलेल्या नाहीत आणि जगात कोठेही प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात २,३७६ हून अधिक धावा झालेल्या नाहीत. (प्रथम श्रेणीचा सामना म्हणजे तीन किंवा अधिक दिवसांचा, प्रत्येक संघाला दोन डाव देणारा, मान्यताप्राप्त संघांमधील सामना.) या आकड्यांची चर्चा बहुधा फलंदाजांच्या पराक्रमाच्या अंगाने होते. परंतु हे सामने एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर त्या काळच्या राष्ट्रीय स्पर्धेपुढील एक वेगळाच प्रश्न त्यांतून पुढे येतो : खेळ केव्हा संपला हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नाची पार्श्वभूमी समजण्यासाठी स्पर्धेची घडण पाहणे आवश्यक आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना १९२८ मध्ये झाली आणि १९३४ मध्ये मंडळाने प्रांताप्रांतांच्या संघांची एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी तिच्यासाठी करंडक दिला आणि आदल्याच वर्षी निधन पावलेले नवानगरचे जामसाहेब रणजितसिंह यांचे नाव त्याला देण्यात आले. म्हणजे स्पर्धा प्रांतांची असली, तरी तिचे नाव एका संस्थानिकाचे आणि तिचा करंडक दुसऱ्या संस्थानिकाचा होता. मैदाने, खेळाडूंच्या नोकऱ्या आणि पुष्कळदा संघांचे कर्णधारपद या गोष्टीही दरबारांच्या हाती होत्या. होळकर आणि बडोदा हे चाळिशीच्या दशकातील बलाढ्य संघ त्या त्या दरबारांच्या आश्रयावर उभे होते. १९४५-४६ मध्ये होळकर, १९४६-४७ मध्ये बडोदा आणि १९४७-४८ मध्ये पुन्हा होळकर असा करंडकाचा प्रवास झाला होता.

तरीही पहिली दहा-बारा वर्षे प्रेक्षकांच्या दृष्टीने रणजी स्पर्धा दुय्यमच राहिली, कारण मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपीय आणि ‘इतर’ अशा पाच संघांत होणारी पंचरंगी स्पर्धा अधिक गर्दी खेचत असे. धर्मनिहाय संघांच्या या स्पर्धेला महात्मा गांधींनी १९४० मध्ये उघड विरोध केला, सार्वजनिक जीवनात तिच्याविरुद्ध मत तयार होत गेले आणि १९४५-४६ नंतर ती बंद पडली. त्यानंतर भारतीय क्रिकेटपटूच्या निष्ठेला प्रदेश हा एकच आधार उरला. प्रदेशनिष्ठेवर उभ्या राहिलेल्या स्पर्धेचे जुने उदाहरण आयर्लंडचे आहे : तेथे १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक क्रीडा संघटनेने हर्लिंग या तेथील काठी-चेंडूच्या देशी खेळाची राष्ट्रीय स्पर्धा १८८७ पासून परगण्यापरगण्यांत भरवली आणि परगण्याचा अभिमान हाच त्या स्पर्धेचा कणा ठरला. भारतात हे स्थित्यंतर एका आयात खेळाच्या बाबतीत आणि साठ वर्षे उशिरा घडत होते. त्यात एक विसंगतीही होती, ती अशी की ‘महाराष्ट्र’ या नावाचा संघ १९३४ पासून खेळत असला, तरी त्या नावाचे राज्य अस्तित्वात यायला १ मे १९६० उजाडावा लागला.

हा महाराष्ट्र संघ दुबळा नव्हता. प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा करंडक जिंकला होता. त्याचे केंद्र पुणे होते, पण खेळाडू कोल्हापूर, सांगली, कोकण अशा विस्तृत पट्ट्यातून येत. मुंबई शहराचा संघ वेगळा असल्यामुळे दोन्ही संघांच्या क्षेत्रांची सीमा मुंबई-पुणे रस्त्यावर कोठेतरी पडत असे आणि त्या रस्त्यावरचा पनवेल तालुका त्या काळी कुलाबा जिल्ह्यात होता. या तालुक्याचा संबंध येथे केवळ भूगोलापुरता नाही. महाराष्ट्राचे सलामीचे फलंदाज मधुसूदन रामचंद्र रेगे यांचा जन्म १८ मार्च १९२४ रोजी पनवेल येथे झाला होता. अंतराने मुंबईला जवळच्या असलेल्या गावात जन्मलेला हा खेळाडू पुण्याच्या बाजूने मुंबईविरुद्ध उभा राहणार होता.

हंगामाला १९४८ च्या अखेरीस रंग चढला, तेव्हा देशाचा नकाशा महिन्यामहिन्याला बदलत होता. काठियावाडातील दोनशेहून अधिक लहानमोठी संस्थाने एकत्र करून फेब्रुवारी १९४८ मध्ये एक संयुक्त राज्य स्थापन झाले आणि त्याला पुढे सौराष्ट्र हे नाव मिळाले. क्रिकेटचा संघ मात्र अद्याप ‘काठियावाड’ याच जुन्या नावाने खेळत होता आणि त्याचे नेतृत्व राजकोटच्या ठाकोरसाहेबांकडे, म्हणजे राज्य गेलेल्या एका राजाकडे होते. स्पर्धेच्या रचनेतही त्या वर्षी बदल झाला. एरवी पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार विभागांतून प्रत्येकी एक विजेता पुढे जात असे. ही विभागवार मांडणी या हंगामापुरती बाजूला ठेवून सरळ बाद पद्धत, म्हणजे हरणारा संघ स्पर्धेबाहेर जाण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामुळेच मुंबई, महाराष्ट्र आणि बडोदा हे पश्चिमेचे तीन संघ एकाच वेळी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोचू शकले.

महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना १६ डिसेंबर १९४८ रोजी पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर सुरू झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राकडून कमल भांडारकर आणि निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली, जी त्या वेळी त्या गड्यासाठीची जगातील सर्वोच्च भागी होती. भांडारकर २०५ धावा करून बाद झाले आणि निंबाळकर खेळत राहिले. १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मलेले निंबाळकर नुकतेच एकोणतीस वर्षांचे झाले होते आणि बडोद्याकडून खेळून ते महाराष्ट्राकडे आले होते. तिसऱ्या दिवशी, १८ डिसेंबरला, उपाहारासाठी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि ४९४ मिनिटे खेळून ४९ चौकार व एका षटकारासह निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये सिडनी येथे न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध केलेला नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम केवळ नऊ धावा दूर होता.

तो विक्रम मोडला गेला नाही, कारण खेळ पुन्हा सुरूच झाला नाही. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, अन्यथा आपला संघ निघून जाईल, अशी भूमिका ठाकोरसाहेबांनी घेतली. डाव घोषित करणे म्हणजे गडी शिल्लक असताना कर्णधाराने आपण होऊन डाव संपवणे. यजमानांनी विक्रमापुरती थोडी मुदत मागितली, परंतु ती मान्य झाली नाही आणि काठियावाडचा संघ सामना सोडून गेला. विक्रम इतका जवळ आला आहे याची कल्पना उपाहाराच्या वेळेपर्यंत निंबाळकरांना नव्हती, असे सांगितले जाते. ब्रॅडमन यांनी पुढे त्यांना पत्र पाठवून या खेळीची वाखाणणी केली, अशीही आठवण क्रिकेटवर्तुळात रूढ आहे.

या प्रसंगाकडे सहसा एका रुसलेल्या राजाची गोष्ट म्हणून पाहिले जाते, परंतु ठाकोरसाहेबांच्या वागण्यामागे खेळाचा एक तर्कही होता. दिवसांची मर्यादा असलेल्या बाद फेरीच्या सामन्यात दोन्ही डाव पूर्ण झाले नाहीत, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरत असे. काठियावाडच्या २३८ धावा महाराष्ट्राने केव्हाच ओलांडल्या असल्यामुळे निकालाच्या दृष्टीने पुढील प्रत्येक धाव अनावश्यक होती आणि चालू होता तो केवळ एका व्यक्तीच्या विक्रमासाठीचा खेळ. त्या विक्रमाच्या नोंदीत प्रतिस्पर्धी म्हणून आपल्या संघाचे नाव कायमचे कोरले जाणार, ही गोष्ट काठियावाडच्या कर्णधाराला मानहानीची वाटली. मात्र विक्रम न झाल्यामुळे ती नामुष्की टळली नाही. उलट सामना अर्धवट सोडणारा संघ म्हणूनच काठियावाडचे नाव उरले. आपल्या इच्छेने खेळ थांबवता येतो ही धारणा दरबारी क्रिकेटमध्ये अंगवळणी पडलेली होती. तिला मुरड घालील असा नियम किंवा अधिकारी त्या दिवशी मैदानावर नव्हता.

याच हंगामात जॉन गोडार्ड यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता. स्वतंत्र भारताच्या भूमीवरील ही पहिली कसोटी मालिका होती आणि रणजी स्पर्धेतील चांगल्या कामगिरीचे फळ म्हणून कसोटी संघात जागा मिळावी, अशी अपेक्षा खेळाडूंनी बाळगणे स्वाभाविक होते. निंबाळकरांना ती जागा या मालिकेत मिळाली नाही आणि नंतरही कधी मिळाली नाही. रेगे यांना मात्र जानेवारी १९४९ अखेर मद्रासच्या चौथ्या कसोटीत सलामीला पाठवण्यात आले. त्यांनी १५ आणि ० धावा केल्या, भारत एक डाव आणि १९३ धावांनी हरला आणि रेगे यांची कसोटी कारकीर्द त्या एका सामन्यावरच थांबली. राष्ट्रीय स्पर्धेतील धावा आणि राष्ट्रीय संघातील निवड यांच्यातील नाते किती सैल होते, हे या दोघांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

मालिकेतील पाचवी कसोटी ४ ते ८ फेब्रुवारी १९४९ या दिवसांत मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर झाली. अखेरच्या डावात भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी १२२ आणि रूसी मोदी यांनी ८६ धावा केल्या आणि शेवटच्या क्षणांत धावसंख्या ८ बाद ३५५ अशी असताना दत्तू फडकर ३७ धावांवर खेळत होते. विजय सहा धावांवर आला असताना पंचांनी षटकातील ठरलेले चेंडू पूर्ण होण्याआधी आणि थोडा वेळ शिल्लक असतानाच खेळ संपल्याची खूण म्हणून यष्ट्यांवरच्या बेल्स उचलल्या आणि सामना अनिर्णित राहिला. वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला कसोटी विजय भारताच्या हातून अशा रीतीने निसटला. पुण्यात खेळ एका कर्णधाराच्या मर्जीने संपला होता, तर मुंबईत तो पंचाच्या घाईने संपला.

महिन्याभरातच फडकर अशा एका सामन्यात उतरले, ज्यात घड्याळाला काहीच काम नव्हते. मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना ५ मार्च १९४९ रोजी पुण्यात सुरू झाला आणि तो ११ मार्चपर्यंत चालला. रणजी स्पर्धेच्या अखेरच्या फेऱ्यांत त्या काळी निकाल लागेपर्यंत खेळण्याची पद्धत होती. अशा सामन्यात वेळ वाया जाण्याची भीती नसल्यामुळे फलंदाजी करणाऱ्या संघाला डाव घोषित करण्याची निकड राहत नाही आणि शक्य तितक्या धावा साठवून ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित डावपेच ठरतो. या पद्धतीचा अतिरेक जगाने दहा वर्षांपूर्वी, मार्च १९३९ मध्ये दरबान येथे पाहिला होता, जेथे दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यातील ‘कालमर्यादा नसलेली’ कसोटी दहा दिवस चालूनही अनिर्णित राहिली, कारण इंग्लंडच्या संघाला परतीची बोट गाठायची होती. त्या सामन्यात १,९८१ धावा झाल्या होत्या.

पुण्यात मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. यष्टिरक्षक माधव मंत्री यांनी २००, विजय मर्चंट यांचे बंधू उदय मर्चंट यांनी १४३ आणि फडकर यांनी १३१ धावा केल्या. महाराष्ट्राने रेगे यांच्या १३३ धावांच्या बळावर ४०७ धावांपर्यंत मजल मारली, पण २४४ धावांची पिछाडी उरली. एवढी आघाडी असताना प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्याचा, म्हणजे फॉलोऑन देण्याचा मार्ग मुंबईला मोकळा होता. दिवसांची मर्यादा असती तर तो मार्ग घेणे शहाणपणाचे ठरले असते, परंतु अमर्याद सामन्यात गोलंदाजांना विश्रांती देऊन स्वतः पुन्हा खेळणे अधिक लाभाचे होते. मुंबईने तेच केले. दुसऱ्या डावात उदय मर्चंट यांनी १५६ आणि फडकर यांनी १६० धावा करून दोन्ही डावांत शतके ठोकली आणि ८ बाद ७१४ धावांवर मुंबईने डाव घोषित केला.

महाराष्ट्रापुढे विजयासाठी ९५९ धावांचे लक्ष्य होते. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात असे लक्ष्य कोणीही गाठलेले नव्हते आणि गाठले जाण्याची शक्यताही नव्हती. तरीही महाराष्ट्राच्या फलंदाजांनी सामना सोडून दिला नाही. पंचविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या रेगे यांनी दुसऱ्या डावातही बरोबर १०० धावा केल्या, म्हणजे या सामन्यात दोन्ही डावांत शतक करणारे ते तिसरे फलंदाज ठरले आणि महाराष्ट्राचा डाव ६०४ धावांवर संपला. चौथ्या डावात ६०४ ही धावसंख्या अतिशय दुर्मिळ असून दरबानला इंग्लंडने केलेल्या ५ बाद ६५४ धावांखेरीज तिच्यापुढे काही नव्हते. सामन्यात एकूण नऊ शतके झाली. त्यांपैकी पाच मुंबईच्या आणि चार महाराष्ट्राच्या फलंदाजांची होती. दोन डावांत मिळून १,०११ धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला.

इतक्या धावा होण्यामागे फलंदाजांच्या कौशल्याखेरीज इतरही कारणे होती. त्या काळातील भारतीय खेळपट्ट्या रोलरने घट्ट दाबून गोलंदाजांसाठी निर्जीव केलेल्या असत आणि महायुद्धाच्या वर्षांपासून देशात मोठ्या धावसंख्यांची सवयच लागली होती. १९४४-४५ च्या मुंबई-होळकर अंतिम सामन्यात २,०७८ धावा झाल्या होत्या, तर १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली होती. खऱ्या अर्थाने वेगवान म्हणता येईल असे गोलंदाज थोडे होते. या सर्वांना अमर्याद वेळेची जोड मिळाली की सामना दोन संघांच्या सहनशक्तीची परीक्षा होऊन बसे. तथापि पुण्याच्या सामन्याला दरबानच्या सामन्यापेक्षा वेगळे ठरवणारी बाब ही की तो शेवटच्या गड्यापर्यंत खेळला गेला आणि त्याचा निकाल कोणाच्या मर्जीने, चुकीने किंवा प्रवासाच्या सोयीने न लागता खेळातूनच लागला.

या सात दिवसांना राजकीय परिवर्तनाचीही चौकट होती. सामना सुरू होण्याआधी चारच दिवस, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. फडकर यांचा जन्मही निंबाळकरांप्रमाणे कोल्हापूरचाच होता, पण हे दोघे महाराष्ट्र आणि मुंबई अशा वेगवेगळ्या संघांतले होते. पनवेलचे रेगे पुण्याच्या बाजूला, नाशिकला जन्मलेले मंत्री मुंबईच्या बाजूला, अशी खेळाडूंची विभागणी शिक्षण, नोकरी आणि क्लब यांच्या ओढीने झालेली होती. त्यामुळे या सामन्याला मराठी मुलखातील घरगुती झुंजीचे रूप आले आणि मुंबई नक्की कोणाची, हा पुढील दशकात राजकारणाला व्यापून टाकणारा प्रश्न खेळाच्या मैदानावर मात्र आधीच, आणि कोणत्याही कटुतेशिवाय, वेगवेगळ्या संघांच्या रूपाने मांडला गेला होता.

अंतिम सामना त्यामानाने एकतर्फी झाला. मुंबईने बडोद्याला ४६८ धावांनी हरवून पाचव्यांदा करंडक मिळवला आणि कर्णधार के. सी. इब्राहीम यांनी २१९ धावा केल्या. याच हंगामात कसोटी खेळलेले इब्राहीम पुढे पाकिस्तानात स्थायिक झाले. पराभूत बडोद्याचे संस्थानही थोड्याच दिवसांत, १ मे १९४९ रोजी, मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबारांचा आश्रय आटत गेला, काठियावाडच्या जागी सौराष्ट्राचा संघ आला, होळकरांचा संघ आणखी काही वर्षे टिकून अखेर मध्य भारतातील पुनर्रचनेत लोपला. स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्यांनाही पुढे दिवसांची मर्यादा घालण्यात आली, त्यामुळे २,३७६ धावांचा विक्रम मोडण्यास आवश्यक असलेली परिस्थितीच उरली नाही. निंबाळकरांपुढे असलेला ब्रॅडमन यांचा विक्रम १९५९ मध्ये कराचीत हनीफ महंमद यांनी ४९९ धावा करून मोडला आणि १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ धावांपर्यंत तो नेला. निंबाळकरांचे ११ डिसेंबर २०१२ रोजी आणि रेगे यांचे डिसेंबर २०१३ मध्ये निधन झाले. महाराष्ट्राने १९४०-४१ नंतर करंडक पुन्हा जिंकलेला नाही.

१९४८-४९ च्या हंगामाचे ऐतिहासिक महत्त्व म्हणूनच केवळ धावांच्या राशीत शोधणे अपुरे ठरते. ४४३ आणि २,३७६ हे आकडे दोन परस्परविरोधी व्यवस्थांनी घडवले होते. एका व्यवस्थेत कर्णधाराची प्रतिष्ठा नियमापेक्षा मोठी होती, तर दुसरीत नियम इतका निरपवाद होता की त्याने सामन्याला सात दिवस ओढत नेले. स्वतंत्र भारताच्या राष्ट्रीय स्पर्धेने या दोन्ही व्यवस्था हळूहळू सोडून दिल्या आणि ठरलेले दिवस, ठरलेले पंच आणि लिखित नियम यांचा मार्ग धरला. त्या मार्गावर येण्यापूर्वीची स्पर्धा कशी होती, हे पुण्यातील या दोन सामन्यांइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही सामन्यांतून दिसत नाही.